वीस टक्क्यांची कात्री

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. दिल्लीतल्या द्वारकाहून मेट्रो, पुढे कंपनीची बस, आणि गाझियाबादच्या रेल्वे फाटकावर चाळीस मिनिटं जाम. त्यात अकरा वाजता राजीवने सगळ्या हेडना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. राजीव म्हणजे मालकांचा मुलगा, वय एकोणतीस, अमेरिकेतून एमबीए करून आलेला. तिथे शिकून इथे कूलरचा कारखाना चालवायचा. तिथे कूलर असतात की नाही हेसुद्धा मला शंकास्पद वाटतं.

बातमी अशी की यापुढे बजेट एका नव्या सॉफ्टवेअरवर होणार. प्रत्येक डिपार्टमेंटने आपले आकडे स्वतः भरायचे. सगळ्यांनी सगळ्यांचे बघायचे. त्यावर आपसात बोलायचं. पैसा कुठे कमी पडेल याचा अंदाज सॉफ्टवेअर आधीच सांगणार. म्हणजे सात जणांनी मिळून एका माणसाची दाढी करायची आणि कुठे कापलं जाईल ते मशीनला विचारायचं.

एकोणीस वर्षं बजेट मी एकटा करतोय. माझ्या एक्सेलच्या फाइलचा पासवर्ड कोणालाही ठाऊक नाही. मध्ये चार दिवस मीही विसरलो होतो, पण कामावर काही परिणाम झाला नाही.

महत्त्वाचं: भटनागरसाहेब ३१ मार्चला रिटायर. जनरल मॅनेजर (फायनान्स) ही खुर्ची रिकामी. निर्णय मार्चच्या बोर्ड मीटिंगमध्ये. उमेदवार एकच आहे. नाव लिहायची गरज नाही.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

माझी पद्धत एकदा लिहून ठेवतो. पुढे कोणाला उपयोगी पडेल.

डिपार्टमेंट मागतं, मी वीस टक्के कापतो. सरसकट. आत बघत बसायचं नाही. बघत बसलं की दया येते.

उदाहरण त्यागीचं. हा प्रॉडक्शनचा हेड, जवळच्याच गावचा, आवाज ट्रॅक्टरसारखा. इथली वीज रोज तासन्‌तास जाते, जनरेटरशिवाय कारखाना बंद. तर गेल्या वर्षी याने जानेवारी ते मार्चच्या डिझेलला साडेबारा लाख मागितले. मी दहा दिले. माझ्या टेबलासमोर उभं राहून वीस मिनिटं रडला. आणि भागलं कितीत? बरोबर दहा लाखांत. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. त्याला किती डिझेल लागतं हे त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं, याला आणखी पुरावा नको.

घरीही हीच शिस्त. साधना किराणा, दूध, गॅस मिळून महिन्याला दहा हजार मागते, मी आठ देतो. बावीस वर्षांत एकदाही भांडण नाही.

२६ नोव्हेंबर, सोमवार

सॉफ्टवेअरचं तीन दिवसांचं ट्रेनिंग, नोएडाच्या हॉटेलात. मी गेलो नाही. ज्याला येत नाही त्याने शिकायचं. हेमलताला पाठवलं.

हेमलता माझी असिस्टंट. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढली, वडील कृषी मंत्रालयात होते. नावाला मराठी. मी एकदा म्हटलं, या आकड्यांना कात्री लावा, तर तिने ड्रॉवरमधून खरोखरची कात्री काढून दिली आणि विचारलं, ‘सर, कैंचीच ना?’ अशा माणसांच्या हातात देशाचं फायनान्स जाणार आहे.

बाकीचे सगळे हेड स्वतः गेलेत. फुकटचं जेवण.

३ डिसेंबर, सोमवार

हेमलता ट्रेनिंगहून दोन पानं टिपणं घेऊन आली. म्हणाली, सर, एक गोष्ट खूप जरूरी आहे, पाच मिनिटं सांगू का? मी म्हटलं, फाइलला लावा. फाइल ड्रॉवरमध्ये ठेवली. वेळ मिळाला की बघीन.

जाता जाता एवढं म्हणाली की सिस्टिमवर कोण कुठला आकडा कधी बदलतो त्याची नोंद राहते. राहू दे. माझं नाव ठिकठिकाणी दिसलं तर चांगलंच आहे.

राजीवचा प्लॅन: आधी फक्त जानेवारी-मार्चचं बजेट सिस्टिमवर करून बघायचं. एकदा मंजूर झालं की त्याहून जास्तीची खरेदी सिस्टिम करूच देणार नाही. ही एक कल्पना मला पसंत पडली. माणूस रडला तर ऐकून घ्यावं लागतं, मशीनला कान नसतात.

१० डिसेंबर, सोमवार

लॉगिन झालं. तिसऱ्या प्रयत्नात. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, पण उलटा.

१८ डिसेंबर, मंगळवार

सगळ्या डिपार्टमेंटचे आकडे आले. चमत्कार आहे. सगळ्यांनी गेल्या वर्षीपेक्षा कमी मागितलंय. त्यागीने डिझेलला सरळ दहा लाख मागितले. खाली हिशोब जोडलाय: वीज रोज सरासरी पाच तास जाते, तासाला इतके लिटर, इतके दिवस. या माणसाने आयुष्यात कधी हिशोब जोडला नव्हता.

कारण उघड आहे. सगळ्यांना कळलंय की यंदा टिपणीस जनरल मॅनेजर होणार. घाबरलेत.

पण ढिलाई नको. आज घाबरले, उद्या सोकावतील. सरसकट वीस टक्के कापले. डिझेल आठ लाख. एकेक आकडा खोडायला पूर्वी आठवडा लागायचा, आज चाळीस मिनिटांत संपलं. सॉफ्टवेअर अगदीच वाईट नाही, चालवणारा हवा.

२० डिसेंबर, गुरुवार

आकड्यांच्या खाली ‘कॉमेंट’ म्हणून एक जागा आहे. तिथे हे लोक गप्पा मारतात. सेल्सचा चड्ढा लिहितो की राजस्थानचे डीलर यंदा माल लवकर मागतायत. त्यावर त्यागी लिहितो की मग मी फेब्रुवारीत दुसरी शिफ्ट लावतो. त्यावर चड्ढा: बढ़िया, यार. हे बजेट आहे की गावचा पार?

मी खाली लिहिलं: कृपया अनावश्यक चर्चा टाळावी. हिंदीत, म्हणजे सगळ्यांना कळेल.

त्यानंतर कोणी काही लिहिलं नाही. वचक.

२७ डिसेंबर, गुरुवार

फोरकास्ट नावाचं बटण आहे. दाबलं की प्रत्येक खर्चाची रेघ निघते, पैसे पुरत असतील तर हिरवी, नसतील तर लाल. डिझेलची रेघ लाल आली. खाली लिहून आलं की बजेट ६ मार्चला संपेल.

हेमलताला बोलावून सांगितलं, रंग बदला. म्हणाली, रंग बदलता येत नाही सर, आकडे बदलले तरच बदलतो. मग दबकत म्हणाली की त्यागीसरांना दहा परत देऊन टाकू या का? मी तिला जेवायला पाठवलं.

मग स्वतः बसलो. उत्तर तासाभरात सापडलं. जिथे ‘वीज रोज किती तास जाते’ असं आहे, तिथे त्यागीने पाच भरले होते. मी चार केले. रेघ हिरवी.

एकोणीस वर्षांचा अनुभव तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये मिळत नाही. बजेट मंजूर केलं.

१ जानेवारी २००८, मंगळवार

संकल्प:
१. रोज सकाळी चालणे. सोसायटीच्या आत, तीन फेऱ्या. (थंडी कमी झाल्यावर.)
२. हाताखालच्या लोकांशी कमी बोलणे. पदाला शोभेल इतकंच.
३. हेमलताची टिपणं वाचणे.
४. बोर्ड मीटिंगसाठी राखाडी सूट शिवणे.

पैकी चौथा आज पूर्ण केला. कापड घेतलं.

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. द्वारकातल्या मराठी मंडळींचं तिळगूळ कोणाच्या तरी हॉलमध्ये. तिथे चार जणांना सहज कळू दिलं की एप्रिलपासून पदात थोडा फरक आहे. एकाने विचारलं, ऑर्डर निघाली का? केंद्र सरकारचे लोक. यांना कागदावर शिक्का दिसल्याशिवाय सूर्यही उगवल्यासारखा वाटत नाही.

साधना घरी येताना म्हणाली, अहो, आधी होऊ तर द्या. बायकांना फोरकास्ट कळत नाही.

४ फेब्रुवारी, सोमवार

हेमलता आज तीनदा केबिनमध्ये आली. पहिल्यांदा म्हणाली, डिझेल अंदाजापेक्षा फास्ट चाललंय. दुसऱ्यांदा एक आलेख घेऊन आली. तिसऱ्यांदा नुसती उभी राहिली. मी म्हटलं, बोला. म्हणाली, ‘सर, माझी टिपणं एकदा बघा ना. पहिल्याच पानावर आहे.’

सांगितलं की सूट शिवायला टाकलाय, आज ट्रायल आहे, उद्या बघतो.

५ फेब्रुवारी, मंगळवार

सूट खांद्यात घट्ट. शिंप्याला मापच घेता येत नाही. टिपणं राहिली.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

त्यागी आला. डिझेलची ऑर्डर सिस्टिम घेत नाहीये. दुसरी शिफ्ट चालू आहे, वीज कधी पाच तास जाते, कधी सहा, टाकीत जेमतेम दोन आठवड्यांचं उरलंय. त्याला आणखी दोन लाख हवेत. मंजुरी माझ्या हातात.

मी सिस्टिमवर मागणी नामंजूर केली आणि शांतपणे सांगितलं की बजेट म्हणजे बजेट. कारखान्यात दिवे कमी लावा. दरवर्षी तुम्ही रडता आणि दरवर्षी मी दिलं तेवढ्यातच भागतं, हेही ऐकवलं.

वाटलं, आता टेबलावर हात आपटेल. त्याने हातातला कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला की इस बार तो हमने सच लिखा था. आणि ‘ठीक है जी’ म्हणून निघून गेला.

सच लिखा था म्हणे. बाकीची अठरा वर्षं काय कादंबरी लिहीत होता?

२८ फेब्रुवारी, गुरुवार

घंटाघराजवळच्या दुकानात पितळेची पाटी सांगितली. शांताराम टिपणीस, जनरल मॅनेजर (फायनान्स). मराठीत एक, इंग्रजीत एक. दोन घेतल्या तर वीस टक्के कमी कर म्हटलं. दुकानदार लगेच कबूल झाला. माझी कीर्ती घंटाघरापर्यंत पोचलीय.

३ मार्च, सोमवार

शुक्रवारी बोर्ड मीटिंग. प्रेझेंटेशन मी स्वतः देणार. अठरा स्लाइड. शेवटची स्लाइड: तिमाहीत एकूण बचत. नुसता आकडा, मोठ्या अक्षरात. खाली माझं नाव, लहान अक्षरात पण ठळक.

साधनाला म्हटलं, शुक्रवारी संध्याकाळी श्रीखंड कर. ती म्हणाली, करते, पण महिन्याच्या पैशांत बसणार नाही. मी उदारपणे शंभर रुपये वर दिले.

त्यागीने मीटिंगची तारीख नुसती लिहून घेतली. हल्ली फार कमी बोलतो. शिस्त भिनलीय.

७ मार्च, शुक्रवार. घरी, संध्याकाळी ७

जे झालं त्याची जबाबदारी पूर्णपणे वीज मंडळाची आहे. हे आधी लिहून ठेवतो.

अकरा वाजता मीटिंग सुरू. मोठे मालक, राजीव, भटनागरसाहेब, बाहेरचे दोन डायरेक्टर, सगळे हेड. प्रोजेक्टरसाठी पडदे ओढलेले. मी राखाडी सुटात. सातवी स्लाइड चालू होती, ‘खर्चावर नियंत्रण’. मी म्हणत होतो की या सिस्टिममुळे वीजकपातीसारख्या गोष्टींचाही अचूक अंदाज घेता येतो. आणि वीज गेली.

सगळे थांबले. अशा वेळी वीस सेकंदांत जनरेटर सुरू होतो. एक मिनिट झालं. दोन झाली. खाली कारखान्यातल्या मशीन बंद पडल्याची शांतता वरपर्यंत ऐकू आली. मोठ्या मालकांनी अंधारात विचारलं, जनरेटर का चालू होत नाही? त्यागी म्हणाला की डिझेल नाही साहेब, काल संध्याकाळीच संपलं.

काल ६ तारीख होती. हा योगायोग.

मालकांनी विचारलं, का संपलं? त्यागी खुर्चीतून उठलासुद्धा नाही. म्हणाला, ‘सर, टिपणीस जी के हिसाब से तो आज बिजली गई ही नहीं है।’

कोणीतरी हसलं. बहुधा चड्ढा. मग बाहेरच्या डायरेक्टरांपैकीही एक हसला, तो तर मला ओळखतही नाही.

राजीवचा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, सर्व्हर यूपीएसवर. त्याने डिझेलची ओळ उघडली आणि स्क्रीन सगळ्यांकडे फिरवली. अंधारात तेवढाच उजेड. दहा लाखांचे आठ लाख: शांताराम टिपणीस, १८ डिसेंबर. पाच तासांचे चार तास: शांताराम टिपणीस, २७ डिसेंबर. जादा मागणी नामंजूर: शांताराम टिपणीस, २१ फेब्रुवारी. माझं नाव इतक्या ठिकाणी एकाच वेळी यापूर्वी कधी आलं नव्हतं.

राजीवने विचारलं की ट्रेनिंगमध्ये ठरलं होतं ना, सगळ्यांनी खरे आकडे द्यायचे आणि सरसकट कोणी कापायचं नाही? तुम्ही तिथे नव्हता का? मी म्हटलं, माझ्या वतीने हेमलता होती. राजीव हेमलताकडे वळला. आता ती पोरगी सगळं बोलणार असं वाटलं. ती एवढंच म्हणाली की मी सरांना फाइल दिली होती.

मग आम्ही सगळे पडदे उघडून बसलो. वीज पावणेदोनला आली. अडीच तासांत तीनशे कूलर बनले नाहीत असं त्यागी म्हणाला. बाकीच्या अकरा स्लाइड कोणी मागितल्या नाहीत.

श्रीखंड चांगलं झालं होतं.

८ मार्च, शनिवार

ड्रॉवरमधून फाइल काढली. टिपणं वाचली. पहिल्याच पानावर, लाल पेनने, दोनदा अधोरेखित: यंदा सगळे हेड वाढवून नाही, खरं मागणार आहेत. म्हणून वीस टक्के कापू नये.

अक्षर फारच बारीक आहे. अशी टिपणं कोण वाचणार?

१७ मार्च, सोमवार

राजीवने केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला, म्हणजे बातमी वाईट. जनरल मॅनेजर (फायनान्स) ही जागाच रद्द केलीय. बजेट आता हेमलता बघणार आणि थेट राजीवला रिपोर्ट करणार. माझ्याकडे १ एप्रिलपासून युटिलिटी: जनरेटर, डिझेल, पाणी. पगार तोच. वीज कधी गेली आणि कधी आली याची वही मी स्वतः ठेवायची.

विचार केला तर हा विश्वासच आहे. कारखान्याचा प्राणच जनरेटरमध्ये.

केबिन मात्र जनरेटर रूमला लागून. आवाज त्यागीपेक्षा मोठा.

१९ मार्च, बुधवार

पाट्या तयार झाल्या. परत घेत नाहीत. नावाच्या जागी नाव बरोबर आहे, फक्त खालची ओळ काढता येईल का विचारलं. दुकानदार म्हणाला, कापून देतो. त्याचे वेगळे पैसे. नको म्हटलं. कपाटात ठेवल्या, साड्यांच्या मागे.

५ एप्रिल, शनिवार

मन थोडं मऊ झालंय. साधनाला म्हटलं, या महिन्यापासून कापणार नाही. तू सांगशील तेवढे देईन. बोल.

ती म्हणाली, आठ.

मला कळेना. म्हटलं, नेहमी दहा सांगतेस.

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, ‘अहो, तुम्ही दोन कापता म्हणून दहा सांगायचे. लागतात आठच. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं मला.’

बावीस वर्षं. चहा मागितला. तोही मागितला तितकाच मिळाला.

६ एप्रिल, रविवार

रात्रभर विचार करून एक गोष्ट लक्षात आली. ही युक्ती फार चांगली आहे. बायकोला सुचली आणि बावीस वर्षं चालली, याचा अर्थ ती सिद्ध झालेली पद्धत आहे. आता मी मागणाऱ्यांच्या बाजूला आहे. एप्रिल ते जूनचं बजेट याच आठवड्यात जायचंय. हेमलता माझ्या हाताखाली तयार झालीय, ती वीस टक्के कापणारच. तिला दुसरं येतच काय?

११ एप्रिल, शुक्रवार

दुपारी ४. सिस्टिमवर मागणी भरली. डिझेल, एप्रिल ते जून. लागतं दहा लाखांचं. साडेबारा लिहिले. पाठवली.

दुपारी ४.२०. परत आली. आकड्याला हात लावलेला नाही. खाली कॉमेंट आहे, चड्ढा, त्यागी सगळ्यांना दिसेल अशी: ‘सर, खरा आकडा टाका ना प्लीज. मी काही कापणार नाहीये.’

दुपारी ४.३५. दहा लिहिले.

दुपारी ४.३६. मंजूर.

दुपारी ४.४०. वीज गेली. वहीत लिहिलं.